ऐकणाऱ्याचा शेरा

आमच्या घरात कामांची वाटणी बायको करते आणि त्यातलं बसून करायचं काम कुठलं, यावर माझी नजर असते. ठमीच्या शाळेतून वाचन-नोंदवही आली तेव्हा ती नजर थोडी उशिरा पडली. 'मुलाने रोज मोठ्याने वाचावे, घरातील एका मोठ्या माणसाने ऐकावे व शेवटच्या रकान्यात शेरा लिहावा,' असं तिच्या पहिल्याच पानावर होतं. पहिला आठवडा बायकोनेच ऐकलं. पण ती छापखान्यात मुद्रितं तपासते. चूक दिसली की तिला जेवण जात नाही. ठमीने 'ब' म्हटलं की ही म्हणे, "नीट बघ." ठमी नीट बघे आणि मग गप्पच बसे.

"हे काम माझ्याकडे दे," मी म्हणालो. ऐकायचं म्हणजे काय, कान आपले आपण चालतात. शिवाय शेरा लिहिणं हा तर माझा धंदाच! मी कचेरीत आवक-जावक विभागात कारकून आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरेच लिहीत आलोय. (ते वाचायला साहेब मलाच बोलावतात. आणि कधी कधी मलाही वाचता येत नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

तर संध्याकाळी मी कचेरीतून येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागलो. त्या वेळी आमच्या खोलीत उजेड मोठा छान असतो, पिवळा आणि जरा दमलेला. वर पंखा फिरत असतो, आत कुठेतरी पाणी उकळत असतं, आणि ठमी माझ्या मांडीला टेकून अक्षराखाली बोट धरते.

"ब... द... बद... क. बदक. बदक उ... ठ... उठ... ले."

बदक उठलं. ठमीच्या दोन अक्षरांमध्ये बरीच जागा असते. त्या जागेत पाय पसरून बसता येतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. "बदक... त... ळ्या... तळ्या... वर..." इथपर्यंत मी शपथेवर सांगतो की मी जागा असे. पुढे तळं जे पसरायला लागायचं ते खुर्चीच्या पायांना लागे, मग गुडघ्यांना. कोमट पाणी. त्यावर कचेरीतल्या फायली कमळाच्या पानांसारख्या अंग टाकून पडलेल्या. साहेब धोतराचा, छे, विजारीचा काठ वर धरून पाण्यातून हळूहळू चालताहेत आणि कुणालाच ओरडत नाहीयेत. बदक माझ्या टेबलाशी येतं, चोचीत माझंच पेन असतं, आणि फार मऊ आवाजात म्हणतं, "काही घाई नाही. उद्या केलंत तरी चालेल."

इतक्या वर्षांत मला असं कुणीही म्हटलेलं नाही. मला त्या तळ्याची ओढच लागली. दुपारी तीन वाजल्यापासून मी घड्याळाकडे बघू लागलो.

"बाबा, शेरा!" ठमी माझ्या हातात पेन्सिल कोंबायची. मी अर्धा पाय अजून पाण्यात ठेवून काहीतरी लिहायचो आणि सही ठोकायचो. ती वही शाळेत नेई. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मग एक दिवस वहीतून चिठ्ठी आली. 'वाचनाबाबत दोघांनी भेटावे.'

शाळेत आम्हाला ठमीच्याच वर्गात बसवलं. त्या बुटक्या खुर्चीत बसल्यावर माझे गुडघे कानाशी आले. समोर बाई होत्या आणि त्यांच्या पुढ्यात आमची वही.

"स्पष्टच बोलते," बाई म्हणाल्या. "ठमी बदकाचं पुस्तक घडाघडा म्हणते. पण काल मी ते उलटं धरलं, तरीही ती घडाघडा म्हणाली! म्हणजे पाठ झालंय. आता ती खरंच वाचते की नुसतं म्हणते, हे मला ठरवायचंय. या आठवड्यात मुलांचे गट होतील. वाचत असेल तर वाचणाऱ्या मुलांत जाईल. नाहीतर आणखी वर्षभर अक्षरांच्या तक्त्याशीच बसेल."

बायकोचा चेहरा उतरला. ठमीला त्या तक्त्याचा किती कंटाळा आहे, हे आम्हाला माहीत होतं.

"तुम्ही रोज ऐकता," बाई माझ्याकडे वळल्या. "सुरुवातीला ती अक्षरं जुळवत होती का?"

"जुळवत होती! अगदी सावकाश."

"कुठपर्यंत?"

"तळ्यापर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे... तसं... पाणी फार होतं."

बाईंनी चष्मा काढला. "पुस्तकाच्या शेवटी काय होतं, सांगता?"

"शेवटी," मी म्हणालो, "तळं ढगांकडे पाठवतात."

बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी एक मोठी छापील चूक आहे आणि आवृत्ती संपून गेली आहे.

"शेवटी त्याला मांजराचं पिल्लू भेटतं," ती हळूच म्हणाली. "अहो, तुम्ही झोपायचात?"

"झोप म्हणजे काय, डोळे..."

"रोज?"

मी वहीकडे बघत राहिलो. माझी लेक वर्षभर मागे राहणार होती आणि तिचा एकमेव साक्षीदार घोरत होता. कुठे तोंड लपवावं कळेना. त्या खुर्चीत तेवढीही सोय नव्हती.

"आणि हे शेरे," बाईंनी वही आमच्यापुढे सरकवली, "यातलं मला एकही अक्षर लागलं नाही. काय लिहिलंय?"

मी वही जवळ धरली, लांब धरली. मलाही लागेना. बायकोने हात टेकले. ती लोकांची हस्तलिखितं वाचून पोट भरते.

"मला येतं," दारातून आवाज आला. ठमी बाहेर थांबली होती. कधी आत आली कळलंच नाही. तिने वही ओढली, माझ्या त्या गुंतवळाखाली बोट ठेवलं आणि सुरू झाली.

"ब... द... का... ने... बदकाने... स... ही... सही के... ली. बदकाने सही केली. त... ळे... पु... ढी... ल... पुढील... का... कार्... कार्य..." इथे ती अडली. मागे गेली. पुन्हा आली. "कार्यवाही... साठी... ढ... गां... कडे... ढगांकडे पा... ठ... वले."

तिने वर बघितलं. "तळे पुढील कार्यवाहीसाठी ढगांकडे पाठवले. बाबा, कार्यवाही म्हणजे काय?"

"म्हणजे काहीच नाही, बाळा," मी म्हणालो. कचेरीत इतकं खरं मी कधी बोललो नव्हतो.

बाई हसत होत्या. "हे काही पाठ असणं शक्य नाही. ही वाचते! हे वाचते म्हणजे काहीही वाचेल." आणि त्यांनी कागदावर ठमीचं नाव वाचणाऱ्यांत लिहून टाकलं. बायकोने डोळे पुसले. मीही पुसले. "उद्यापासून मात्र आईच ऐकेल," बाई म्हणाल्या.

"नको!" ठमी ओरडली. "आई ऐकते!"

"मग ऐकायचंच असतं ना?" बाईंनी विचारलं.

"बाबा झोपला की मी चुकते," ठमी म्हणाली. "मग परत चुकते. मग येतं. आई चुकूच देत नाही."

बायकोने ठमीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाली, "बाबाच ऐकेल हं." बाईंनीही मान डोलावली. मला मायलेकींबद्दल इतकी माया वाटली की उठून उभं राहावंसं वाटलं. (उभा राहिलो, तेव्हा खुर्चीही सोबत आली.)

अशा रीतीने लेकीच्या शिक्षणासाठी घरच्यांच्या आणि शाळेच्याही संमतीने झोपणारा बहुधा मी पहिलाच बाप. आणि इथेच घोडं अडलं! त्या संध्याकाळी खुर्चीत बसलो, तोच पिवळा उजेड, तोच पंखा, आणि झोपेचा पत्ता नाही. कामावर झोपायचं म्हटल्यावर डोळा लागेना. तळं खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबून राहिलं. मी डोळे मिटून, थोडं घोरून ऐकत राहिलो. ठमी चुकली, पुन्हा चुकली, मग आलं. बदकाला पिल्लू भेटलं, तेव्हा मिटल्या डोळ्यांतून माझ्या गालावर पाणी आलं. ठमीने वाचन थांबवून बोटाने माझी पापणी उचलून पाहिली.

आता ऐकणारा भरवशाचा नाही म्हणून शेराही तीच लिहिते. कालचा शेरा स्वच्छ, टपोऱ्या अक्षरांत आहे: 'बाबा खोटा झोपतो.' त्याखाली बाईंनी लिहिलंय: 'घरी सराव करून घ्यावा.'

बायको रोज माझा सराव घेते आहे. प्रगती बेताचीच आहे.