ड्रममधले पाहुणे

"बाबा, बाकी काय वाटेल ते करा, पण या ड्रमला हात लावू नका. आत जिवाणू आहेत, जिवंत," असं सून रविवारी म्हणाली होती, आणि सासरेबुवांनी मान डोलावली होती. मानेचं ठीक होतं. हात कुणाचं ऐकत नसत.

गेल्या साली मुळाशी पांढरी बुरशी धरून अर्धा कांदा शेतातच सडला. म्हणून यंदा सुनेने प्रयोगशाळेतून बाटली आणली. मातीतलेच भले जिवाणू. साखरपाण्यात वाढवायचे आणि रोपांची मुळं त्यात बुडवून लावायची. मग ते मुळांभोवती ठाण मांडतात आणि बुरशीला उंबरठ्यावरूनच परत धाडतात. लागवड गुरुवारी. "हे फसलं तर शेतीत पुन्हा तोंड घालणार नाही," असं ती बोलून बसली होती.

मंगळवारी सासरेबुवांनी झाकण उचललं. आत पांढुरकं पाणी निवांत पहुडलेलं. "हे काय लढणार, डोंबल," म्हणत त्यांनी कुमक म्हणून दोन मुठी निळी बुरशीनाशक पूड टाकली. मग चष्मा सापडला आणि ड्रमवरचा कागद वाचता आला: बुरशीनाशक लागल्यास जिवाणू मरतात.

सासरेबुवांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. त्यांनी ड्रम रिकामा केला, घासला, त्यात पाणी आणि साखर घातली, पांढुरक्या रंगाला थोडं दूध ओतलं. पण बुधवारपर्यंत फेस यायला हवा, असं सून म्हणाली होती. ते तडक बेकरीवाल्याकडे गेले.

"फेस कशाने येतो हो?"

"यीस्टने. किती पाव करायचेत?"

"पाव नाही. पन्नास लिटर."

बेकरीवाल्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि पुडा दिला.

बुधवारी सकाळी फेसाने झाकण उचललं होतं. सून हरखली. तिने थेट प्रयोगशाळेच्या बाईंनाच बोलावून घेतलं. त्या सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या, एक थेंब काचेवर घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"जिवाणू एकही नाही," त्या म्हणाल्या. "हे यीस्ट आहे. म्हणजे बुरशीचीच एक जात. बुरशी अडवायला तुम्ही बुरशीच पाळलीत, तीही साखर घालून."

सून पायरीवर मटकन बसली. "माझंच काहीतरी चुकलं. मला नाही यातलं कळत."

गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. पण तिचा उतरलेला चेहरा सासरेबुवांना बघवेना. "मी मारले," ते म्हणाले. "दोन मुठींत. सगळे."

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही कसले मारताय. ते सोमवारीच गेले. वास सुटला म्हणून मी न्हाणीमागच्या गवतावर ओतले, आणि कुणाला कळू नये म्हणून ड्रममध्ये पीठ कालवून ठेवलं."

"म्हणजे मी पिठाला विष घातलं? अगं, कालपासून घास उतरला नाही माझ्या घशाखाली."

"मला वाटलं, उपास धरलात. म्हटलं, उशिरा का होईना, सुबुद्धी झाली."

"ते गवत मात्र आता ठणठणीत राहील," बाई गंभीरपणे म्हणाल्या. सुनेला हसू आवरेना, आणि रडूही.

बाईंना पुढे आणखी शेतं बघायची होती. शेवटची एक बाटली प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये होती, आणि दुपारी एक वाजता तिथे कुलूप लागणार होतं. वाढवायला वेळ नव्हता. उद्या सरळ पाण्यात मिसळून रोपांची मुळं बुडवली तरी चालेल, असं त्या सांगून गेल्या.

"मी जातो," सासरेबुवा म्हणाले.

सुनेने बोटं मोजत बजावलं, "ऊन लागू द्यायचं नाही. वाटेत टेकायचं नाही. झाकण उघडायचं नाही."

"शब्द दिला."

त्यांनी कापडी पिशवी खांद्याला लावली, छत्री उघडली आणि ती नेमकी पिशवीवर धरून निघाले. टक्कल उन्हात चमकत होतं.

"अहो, पिशवी रिकामी आहे अजून," मागून सासूबाई म्हणाल्या.

"हाताला सवय लावतोय," ते हळूच म्हणाले, आणि छत्री जराही न हलवता चालू लागले.