वडाने बाकी ठेवलेली सातवी फेरी

वटपौर्णिमेला सकाळी साडेनऊ वाजता पाण्याच्या टाकीजवळचा वड मला फेऱ्या घालायला आमच्या घरी आला.

आठच दिवसांपूर्वी माझ्या उजव्या घोट्याचं ऑपरेशन झालं होतं. गच्चीवरून वाळलेल्या कुरडयांचं ताट घेऊन उतरताना, जिना संपला असं समजून मी शेवटची पायरी सोडली. कुरडया वाचल्या. घोट्यात एक पट्टी आणि सात स्क्रू बसले. "एकेका जन्माला एक," असं आमचे हे दवाखान्यात भेटेल त्याला सांगत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा आठवडे पाऊल जमिनीला टेकवायचं नाही. बावीस वर्षांत माझी वटपौर्णिमा एकदाही चुकली नव्हती. मी जाऊ शकत नव्हते, म्हणून वड आला. त्यात अडचण एवढीच होती की आमचं फाटक अरुंद आहे. चिखलातून जाताना आपण निऱ्या उचलतो तशा त्याने पारंब्या उचलून घेतल्या आणि अंग चोरून तो अंगणात आला.

कॉलनीचे सेक्रेटरी कुंभोजकर भाऊजी रजिस्टर घेऊन मागोमाग आलेच.

"बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची नोंद लागते, वहिनी. नाव, वड. काम?"

"फेऱ्या," हे म्हणाले.

"वाहन?"

"पायी."

"परत कधी?"

"अकरापर्यंत," वडानेच सांगितलं. "तिकडे बायका ताटं घेऊन ताटकळल्यात."

मी नथ घालून अंगणात खुर्चीवर बसले, पाय समोरच्या स्टुलावर. वडाने सुताची गुंडी पारंबीत धरली आणि माझ्याभोवती फिरू लागला. दर फेरीला त्याची मुळं करकरायची. फेऱ्या घालताना काय म्हणायचं ते मला पाठ आहे. पण फेऱ्या घालून घेताना काय म्हणायचं, ते कुठल्याच पोथीत दिलेलं नाही. मी नुसते हात जोडून बसले. तो मात्र पुटपुटत होता. ज्याच्या फेऱ्या त्याचं मागणं, म्हणून मी कान दिला नाही.

सहाव्या फेरीनंतर तो थांबला.

"देवा, सातवी?" मी म्हटलं.

"सातवी तू यायचं, पोरी. माझी मुळं भरून आली. चालायची सवय नाही."

"पण मला पाऊलसुद्धा टेकवता येत नाही."

"आत्ता ये म्हटलंय का?"

हे पुढे सरसावले. "मी घालतो की तिच्या वतीने."

"स्वतःच्या आयुष्यासाठी स्वतःच?" वड म्हणाला. हे मागे सरले.

मग वड सूत सोडत सोडत आपल्या जागी निघून गेला. माझ्याभोवतीचे सहा वेढे यांनी अलगद काढून पलंगाच्या दांडीला अडकवले. तिथून सूत खिडकीतून, फाटकावरून, पिठाच्या गिरणीसमोरून थेट टाकीजवळच्या वडापर्यंत गेलं. कुंभोजकर भाऊजींनी लेखी परवानगी दिली: हरतालिकेच्या सूर्यास्तापर्यंत. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने घरोघरचे गणपती येणार, आणि गणपतीला सुताखालून वाकून यायला लावणं बरं दिसत नाही. तोवर सातवी झाली नाही तर सूत कापायचं. कापलेलं व्रत पुन्हा जोडता येत नाही, हे कागदावर लिहिलं नव्हतं. ते मला माहीत होतं.

लोकांना सवय झाली. दूधवाला सूत उचलून सायकल काढायचा. मी पलंगावर पडून एक बोट सुतावर ठेवायची. संध्याकाळी पाखरं वडावर उतरली की सूत थरथरायचं. खिडकीतून मला रस्त्यावरच्या माणसांचे पाय दिसायचे. किती सहज टाकत होते पाय! एक बाई चालून चालून पाय दुखले म्हणून कुरकुरत गेली, तेव्हा मला तिचा इतका हेवा वाटला की संध्याकाळच्या दिव्यापुढे मी कान धरले.

सहा आठवडे संपले आणि व्यायाम शिकवायला नसीमा मुजावर येऊ लागली.

"काकू, अंगठ्याने हवेत एबीसीडी काढा."

"मी रामनाम लिहिलं तर चालेल?"

"काहीही लिहा, घोटा फिरल्याशी मतलब."

मी रोज एकशे आठ वेळा लिहायची. मग तिने वजनकाटा आणला. पाय त्यावर ठेवायचा, काटा वीस किलोच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. पुढच्या आठवड्यात तीस. मग एका सकाळी तिने काटा बाजूला सरकवला आणि म्हणाली, "आता फरशी." फरशी गार होती. ती गार असते, हे मी विसरून गेले होते. नसीमाला वाटलं दुखलं, म्हणून मी रडतेय.

हरतालिकेच्या दिवशी दुपारी चारला मी काठी हातात घेतली. नसीमा अडून बसली.

"काकू, निर्जळी उपास! वाटेत चक्कर आली तर?"

"तू रोजे धरून जिने चढतेस, तेव्हा तुला कुणी अडवतं का?"

"माझ्या घोट्यात स्क्रू नाहीत," ती म्हणाली आणि चप्पल घालून माझ्या बाजूला उभी राहिली.

यांनी पलंगावरचे वेढे काढले आणि सुताची गुंडी करत माझ्यामागून निघाले. टाकीपर्यंत दोनशे दहा पावलं आहेत, पूर्वीची. माझी त्या दिवशी किती झाली, नसीमाने मोजायला नको म्हणून सांगितलं. गिरणीपाशी घोटा ठणकायला लागला. गिरणीवाल्याने न विचारता पिठाचा रिकामा डबा उपडा करून बसायला दिला. शेजारी कुंभोजकर भाऊजी कात्री घेऊन उभे होते.

"घाई नाही, वहिनी. सूर्यास्त सहा पन्नासला आहे."

"ती कात्री तरी खिशात घाला हो," हे म्हणाले.

"खिशात टोचते," ते म्हणाले, आणि कात्री पाठीमागे धरली.

वडापाशी पोहोचले तेव्हा सव्वासहा वाजले होते. यांनी गुंडी माझ्या हातात दिली. खोडाभोवती मुळंच मुळं. वडाने ती एकेक करून आत ओढून घेतली आणि काठी टेकवण्यापुरती वाट केली. टाच, मग बोटं. टाच, मग बोटं. फेरी पुरी झाली. मी गाठ मारली. रस्ता मोकळा झाला, आणि कुंभोजकर भाऊजींनी इतका मोठा श्वास सोडला की नसीमा हसली.

"झालं बाई एकदाचं," हे म्हणाले. "थांब, रिक्षा बोलावतो."

मी काठी पुन्हा पुढे टेकवली.

"आता कुठे?"

"आठवी."

"आठवी कसली? कुणासाठी?"

सात जन्मांच्या पुढचं मी कधी काही मागितलंच नव्हतं.

"सहज," मी म्हटलं.

वडाने मुळं आणखी थोडी आत घेतली, आणि मी उजवा पाय टाकला.