नानांची कटती

मे महिन्यातला दुसरा रविवार, संध्याकाळचे साडेसहा. जळगावातलं एक नाट्यगृह, तिसरी रांग. हजर: शेजारचे नाना, त्यांच्या पत्नी अक्का आणि दोघांच्या मधल्या खुर्चीवर मी. तिकीट प्रत्येकी दोनशे रुपये. अक्कांनी त्यांचे पैसे घरूनच दिले होते. नानांचे दोनशे मी भरले होते, आणि त्यातले किती परत येणार हे कार्यक्रम संपेपर्यंत कळणार नव्हतं.

कारण नाना गिटारवाल्याच्या तिकिटाचे पैसे आधी देत नाहीत. आधी ऐकतात, शंभरपैकी गुण देतात आणि तिकिटाच्या तेवढेच टक्के मोजतात. तिकीट दीडशेचं आणि गुण साठ, तर माझ्या हातावर नव्वद.

"आणि उरलेले?" मी पहिल्या वेळी विचारलं होतं.

"कटती," नाना म्हणाले. "ओल्या मालाले पुरा भाव कोण देस, भाऊ?"

आजवरच्या नऊ कार्यक्रमांत माझे पाचशे बासष्ट रुपये कटतीत गेले आहेत. माझी नोकरी हिशेब तपासण्याची, म्हणून आकडा लक्षात आहे. तक्रार नाही.

नाना बत्तीस वर्षं कापसाचे ग्रेडर होते. धरणगाव, दोंडाईचा, जिथे खरेदी केंद्र असेल तिथे. गाडीतून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ओढायचा आणि सांगायचं: धागा एवढा, ओलावा एवढा, कचरा एवढा. त्यावर भाव ठरायचा. शेतकरी चिडायचे, विनवायचे, पण नानांचा आकडा हलत नसे. निवृत्तीनंतर तोच काटा त्यांनी जगभरच्या गिटारवाल्यांना लावला.

दुपारी गॅलरीत बसून ते मोबाईलवर रॉक ऐकतात आणि एका वहीत प्रतवारी करतात. विलायती नावं त्यांच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून वहीत 'लाल पँट', 'दाढीवाला', 'डोळे मिटणारा' अशा नोंदी आहेत. सूर किती लांब टिकतो, तो धागा. मन किती भरून येतं, तो ओलावा. तो बेताचा हवा, जास्त झाला तर माल सडतो. नको तिथे वाजवलेलं सगळं कचऱ्यात. मी एकदा लाल पँटची बाजू घेतली. म्हटलं, "नाना, बोटं दिसतसुद्धा नाहीत, इतका वेग आहे."

"ढीग मोठा दिसस," नाना म्हणाले. "जिनमधून रुई किती निघनी ते सांगा. बाकी बठ्ठा कचरा शे."

लाल पँट अठ्ठेचाळीस. डोळे मिटणारा सहासष्ट, आणि त्यावर आजवर कुणी गेलेलं नाही.

त्या रविवारी मंचावर वाजवणार होता निलेश, नानांचा एकुलता मुलगा. अठरा वर्षांपूर्वी, निलेश सोळाचा असताना, आमच्या कॉलनीच्या गणपतीत त्याने पहिल्यांदा चारचौघांत गिटार वाजवली होती. मंडळाने नानांना दोन शब्द बोलायला सांगितलं. नानांनी माईक हातात घेतला, "एकेचाळीस" म्हणाले आणि खाली बसले. लोक हसले. निलेशने गिटार पिशवीत घातली, ती त्या घरात पुन्हा बाहेर निघाली नाही. तो पुण्याला गेला, नोकरी धरली, बँडही केला. दिवाळीला दोन दिवस येतो, गिटार न आणता.

आठवडाभर आधी त्याचा मला फोन आला होता.

"काका, नानांना आणा. पण वही नको. मला ती वही समोर दिसली, तर माझा हात चालणार नाही."

"वही येणार नाही."

"आणि ते तुम्हाला किती देतात, ते मला सांगू नका."

मी बरं म्हणालो. खोटं बोलणं मला जमत नाही, त्यामुळे त्याने विचारू नये एवढीच माझी इच्छा होती. पुन्हा एकेचाळीसच गुण पडून ब्याऐंशी रुपये मिळाले तर काय, हा हिशेब मी मनात आधीच करून बसलो होतो.

पडदा उघडला. नानांच्या हातात वही नव्हती, पण त्यांचे हात जागेवर नव्हते. दोन्ही चिमट्या गुडघ्यावर जुळल्या आणि हवेतला कापूस ओढू लागल्या. मधूनच नखाने काहीतरी उडवलं जाई. तो कचरा. पहिल्या गाण्यात चारदा, दुसऱ्यात सहादा. मला गाणी आठवत नाहीत, मी फक्त नख मोजत होतो. निलेशनेही तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. त्याला ते हात दिसले असणार, कारण त्यानंतर त्याचा एक सूर सरळ सरळ चुकला. नानांचं नख सातव्यांदा उडालं.

अक्का माझ्याकडे झुकल्या. "भाऊ, त्यांचे हात धरा."

"मी कसे धरू, अक्का?"

"त्या वेळी एकेचाळीस दिले ना, तेव्हा यांना गिटारीतलं काही कळत नव्हतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोरगा गेल्यावर ऐकायला शिकले. आपलं चुकलं का, ते बघायला."

इतकी वर्षं शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या गाण्यात बाकीचे वाजवणारे थांबले. निलेशने एकच सूर धरला. नानांच्या चिमट्या ओढू लागल्या. सूर संपेना. चिमट्या एकमेकींपासून वीतभर झाल्या, मग हातभर, आणि त्यांची डावी चिमटी माझ्या पोटाला येऊन टेकली. मी श्वास रोखून मागे सरकलो. सूर थांबला तेव्हा नाना दोन्ही हात फाकवून बसले होते. मागचा माणूस म्हणाला, "आजोबा, हात खाली घ्या."

नाना उठले आणि चालू कार्यक्रमातून बाहेर गेले. मंचावरून निलेशने ते पाहिलं. उरलेली दोन गाणी त्याने खाली मान घालून वाजवली.

नाना पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरजवळ उभे होते. हातात पाकीट. "मोजून घ्या," म्हणाले. मी मोजले. एकशे बेचाळीस.

"एकाहत्तर, नाना?"

"धागा लांब शे." मग त्यांनी वेगळे अठ्ठावन्न रुपये काढले: पन्नासची नोट, पाचचं नाणं, तीन सुटे. "हे निलेशले द्या."

"हे कशाचे?"

"कटती. ती त्याची नाही, मनी शे. तो सोळाव्या वर्षापासून घरात वाजवता, तर त्याचे पुरे शंभर भरता. एकोणतीस मी कापले."

मी मंचामागे गेलो. निलेश तारा पुसत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"काका, सांगू नका म्हटलं होतं."

"मी काही सांगत नाही. हे त्यांनी तुला दिलेत. त्यांची कटती आहे म्हणाले."

त्याने पैसे मोजले. बापाची रीत त्याला पाठ होती. अठ्ठावन्नचं निम्मं करून शंभरातून वजा करायला त्याला वेळ लागला नाही. तरी त्याने पुन्हा मोजले. मग पन्नासची नोट खिशात घातली आणि आठ रुपये माझ्या हातावर ठेवले.

"हे परत द्या त्यांना. म्हणावं, चार गुण माझ्याच बोटांचे गेले. आजचा तो चुकलेला सूर माझा होता."

"तूच दे की."

"येतो. एवढं आवरून येतो."

मी पार्किंगमध्ये परत आलो. अक्का नानांशेजारी उभ्या होत्या. मी निरोप शब्दशः सांगितला.

एकूण दोनशे. एकशे बेचाळीस मला मिळाले, पन्नास निलेशला. उरलेले आठ मी नानांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते न मोजता खिशात टाकले आणि मंचामागच्या दाराकडे बघत उभे राहिले.