मन्मथआप्पांचं गिऱ्हाईक

आमच्या शेजारच्या परसात रोज सकाळी एक हिरवी साडी बसलेली असते. वाळत घातलेली नाही, बसलेली. कडुलिंबाखाली, भिंतीला टेकून, तंबूसारखी. पुढच्या अंगाला कापलेल्या भोकातून हातभर लांबीची काळी नळी बाहेर आलेली असते आणि अधूनमधून ती साडी खोकते.

माझ्या पुतण्याची बायको लग्न होऊन चौसाळ्याला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि बादली तिथेच सोडून खाली आली. "काकू, शेजारी एक बाई बंदूक धरून बसलीय."

"बाई न्हाई, मन्मथआप्पा हायत," माझी बायको म्हणाली. "अन् बंदूक न्हाई, क्यामेरा हाय. तू बादली आन."

मन्मथआप्पांचं हायवेला कापडाचं दुकान होतं. चौसाळ्यातल्या निम्म्या घरांचे लग्नाचे बस्ते त्यांच्या गादीवर बांधले गेले. वय झालं, गुडघे गेले, बायको वारली, तेव्हा त्यांनी दुकान मिटवलं. मुलगा पुण्याला. म्हाताऱ्याचा वेळ जावा म्हणून त्यानं आपला जुना कॅमेरा आणून दिला. त्याला वाटलं, वडील नातवंडांचे फोटो काढतील. आप्पांनी नातवंडांचे चार काढले आणि कॅमेरा परसाकडे वळवला तो कायमचा.

पाखरांची नावं त्यांना पुस्तकातली येत नाहीत आणि शिकायची इच्छाही नाही. ते पाखरू कापडावरून ओळखतात. शिक्रा म्हणजे "पोटाला बदामी आडव्या रेघा, शर्टिंगमधी लई चाललेला माल." कापशी घार म्हणजे "पांढरं टेरिकॉट, खांद्यावर काळा पॅच." पिंगळा म्हणजे "ठिपक्याचं छीट, स्वस्त पण टिकाऊ." एकदा आभाळात फार उंच गरुड फिरत होता. मी विचारलं, "आप्पा, कोणता असेल?" त्यांनी कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं. "एवढ्या वरून पोत कळत न्हाई गुरुजी. पन्हा मातर मोठा हाय." पन्हा म्हणजे कापडाची रुंदी.

येणारा प्रत्येक जीव त्यांच्या लेखी गिऱ्हाईक. मुंगूस, सरडा, साप, सगळे. "गिऱ्हाईक आलं का त्याच्याकडं बघायचं न्हाई. बघितलं का ते जातं. आपन आपलं घडी घालत बसायचं." शिक्रा त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचीच लाडकी खार उचलून नेतो, तेव्हाही आप्पा फोटो काढतात, डोळे पुसतात आणि म्हणतात, "गिऱ्हाईकानं काय घ्यावं ते आपन सांगायचं न्हाई."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगत आलो. म्हणून आता पुढचं सांगतो.

माझी आई गेली त्या दिवशी मी कडा गावी एका लग्नात होतो. सकाळी निघताना तिनं माझा हात धरला होता. "आज नको जाऊस," एवढंच म्हणाली. ती असं बऱ्याचदा म्हणायची. मी हात सोडवून घेतला आणि गेलो. दुपारी पंगतीत दुसऱ्यांदा वरण वाढलं जात असताना फोन आला. हे मी कुणालाच सांगितलं नाही. आईनं हात धरला होता, ते तिला आणि मलाच माहीत होतं.

तिचं वर्षश्राद्ध चैत्रात आलं. आमच्यात कावळ्याला पान ठेवतात आणि कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. मी परसाच्या भिंतीवर पान ठेवलं आणि हात जोडून उभा राहिलो. कावळे आले. आप्पांच्या लिंबावर येऊन बसले आणि लगेच कावकाव करत उधळले. त्या झाडाची एक जाड फांदी आमच्या बाजूला आलेली होती आणि त्या फांदीवर शिक्र्याच्या मादीनं घरटं केलं होतं. कावळा जवळ आला की ती बाणासारखी सुटायची.

बारा वाजले, एक वाजला. माझी बहीण सुमन म्हणाली, "दादा, आईचं काहीतरी मनात राहिलंय. तू कबूल कर की काय ते."

मी कबूल केलं. घराची डागडुजी करतो, तुळशीला नवं वृंदावन बांधतो, सुमनला दर दिवाळीला आणतो. सगळं मोठ्यानं कबूल केलं. जे करायचं होतं तेवढं सोडून. पंचवीस माणसं माझ्या पाठीशी उपाशी उभी होती. त्यांच्यासमोर मला ते तोंडातून काढता आलं नाही. कावळा आला नाही.

मग मी भिंतीवरून ओरडलो, "आप्पा, तुमच्या पाखराला आवरा जरा."

साडीतून आवाज आला, "आमचं कुठलं गुरुजी, गिऱ्हाईक हाय ते."

मागे कुणीतरी हसलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आप्पांना बहुतेक ते जाणवलं. कारण लगेच साडी उठली. आत बंडी घातलेले आप्पा दिसले. त्यांनी ती साडी दोन्ही हातांत धरली आणि लिंबाखाली उभं राहून शिक्र्याला हाकलायला लागले. "हाऽ, चल, जा, दुकान बंद हाय." पन्नास वर्षांत या माणसानं गिऱ्हाईक हाकललं नव्हतं. दुखऱ्या गुडघ्यांवर अर्धा तास ते साडी हलवत होते. पण अंड्यांवरची आई कुठली हलते. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला शिववला. पान तसंच भिंतीवर राहिलं. अडीच वाजता आम्ही जेवलो. मी अर्ध्यावरच उठलो आणि ओट्यावर जाऊन बसलो.

आठवड्यानं आप्पा म्हणाले, "गुरुजी, बीडला जाऊन येतो. जरा काम हाय. घराकडं ध्यान ठिवा."

मी ध्यान ठेवलं. झाडं तोडणारा माणूस बोलावला आणि आमच्या बाजूची ती फांदी करवतीनं उतरवून घेतली. घरट्यात तीन अंडी होती, निळसर पांढरी. ती आमच्या अंगणात पडली. मी पायानं त्यांवर माती ओढली. बायको दारात उभी होती. त्या दिवशी तिनं मला चहा दिला नाही.

संध्याकाळी आप्पा एसटीतून उतरून आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं. ते सरळ भिंतीशी आले, मला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांना वर आभाळ दिसलं. फांदी होती तिथलं.

"वारं लई सुटलं होतं दुपारी," मी म्हणालो.

ते झाडापाशी गेले. फांदी तुटली होती तिथे हात पोचत होता. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली, कापडाच्या कडेवरून फिरवावीत तशी. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"असंल," ते म्हणाले. "चैताचं वारं." आणि काखेतलं गाठोडं तसंच घेऊन घरात गेले.

त्यानंतर शिक्रा आला नाही. आप्पा मात्र रोज बसत राहिले. होल्यांचे, मुंगसांचे फोटो काढत राहिले. फांदीवरून मला कधी एक शब्द बोलले नाहीत. उलट सणावाराला त्यांच्याकडची पुरणपोळी सगळ्यांत आधी आमच्याकडे यायची, त्यांची सून पुण्याहून आली की. मी ती खायचो. तीन वर्षं खाल्ली.

या फाल्गुनात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर कॅमेऱ्याला डोळा लावू नका म्हणून बजावलं. दुसऱ्याच सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "गुरुजी, या बरं जरा. शाळेला टाइम हाय अजून."

मी गेलो. काळा चष्मा लावून साडीच्या आत बसले होते. "आत या. वाकून या. डोकं लागंल."

मी पहिल्यांदाच त्या साडीत शिरलो. आत हिरवा उजेड होता आणि कापराचा, जुन्या ट्रंकेचा वास. दोन माणसं बसली की खांद्याला खांदा लागतो. एकमेकांच्या तोंडाकडे बघताच येत नाही, फक्त त्या भोकातून समोर बघायचं.

"वर बघा. आवाज वळखीचा हाय. बाईच हाय का ती?"

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. लिंबाच्या शेंड्याजवळ बदामी रेघांचं पोट दिसलं. "आहे."

"चोचीत काडी हाय का बघा."

मी बघितलं. चोचीत काडी होती. ती उडून खालच्या बेचक्यात बसली, माझ्या करवतीच्या खुणेपासून दोन हातांवर, आणि काडी तिथं खोचायला लागली. माझ्या डोळ्यापुढचं सगळं पुसट झालं.

"आप्पा," मी म्हणालो, "फांदी मी तोडली होती. अंडी होती तिच्यात."

"हळू बोला," आप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक बसलंय."

मग मी हळू बोललो. अंड्यांचं सांगितलं. कड्याच्या लग्नाचं सांगितलं, आईनं धरलेल्या हाताचं सांगितलं, पंगतीतल्या वरणापर्यंत सगळं. ते फक्त हुं हुं करत होते. मादी दुसरी काडी आणायला उडाली तेव्हा ते गुडघ्यांवर हात देऊन उठले, घरात गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते चपटं गाठोडं घेऊन आले. कागद पिवळा पडला होता.

"हे घ्या. तुमचंच हाय."

आत काचेची फ्रेम होती. फोटो आमच्या भिंतीचा. भिंतीवर आईच्या श्राद्धाचं पान, आणि त्यात चोच घातलेला कावळा. चोचीला भाताचं शीत. वरच्या कोपऱ्यात फांदीवर शिक्र्याची मादी, पाठ करून बसलेली. आणि मागे, धूसर, आमच्या ओट्यावर भिंतीकडे पाठ करून बसलेला एक माणूस. तो मी होतो.

मी फ्रेम उलटी केली. मागे आप्पांच्या दुकानी अक्षरात लिहिलं होतं, 'चार वाजून दहा मिनिटं. पोटभर जेवून गेलं.'

"घरचे समदे झोपलते, तुमी पाठ करून बसलता, तवा आलता तो," आप्पा म्हणाले. "नुसतं सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, म्हातारा समजूत घालतोय. म्हनून बीडला गेलतो, मोठा करून आनायला."

मी फ्रेम पुन्हा सुलटी केली. मग विचारलं, "त्या दिवशी दिला का नाहीत?"

"तुमी वाऱ्याचं नाव घेतलं ना आधी. पन्नास वर्सं कापड इकलं मी. फाटलेलं कोनतं अन् कापलेलं कोनतं, ते कळत न्हाई व्हय मला? त्याच वक्ताला हा हातात दिला असता तर लाजंपायी तुमी परत या भिंतीकडं आला नसता." त्यांनी साडीची कड बोटांत धरली, सवयीनं तिचा पोत बघितला. "अन् मला तरी हितं भिंतीवरून बोलायला दुसरं कोन हाय?"

मी फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळली.

"आमच्या लिंगायतांत कावळ्याचं न्हाई गुरुजी," आप्पा म्हणाले. "आमी पुरतो, भस्म लावतो, बेल वाहतो, झालं. ही गेली तवा मी दुकानात होतो, बस्ता चालू होता. आता ती रागात गेली का खुशीत, इचारावं कुनाला? तुमाला निदान कावळा तरी येतो. मी आपला हिच्या साडीत बसतो. जे येईल त्याला बघतो."

शाळेची पहिली घंटा झाली. मी उठायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. घट्ट नाही, नुसता धरला.

"बसा की पाच मिन्टं. काडी घेऊन येईलच ती."

मी हात सोडवून घेतला नाही.