धर्माकाकाची जीभ

आमच्या शेजारच्या धर्माकाकाला नवी वस्तू दाखवली, की तो आधी ती चाटायचा. मीठ, बैलाचं औषध, लढाईच्या दिवसांत मोजून मिळणारं रॉकेलसुद्धा! "डोळा फसतो रे, जीभ नाय फसत," हे त्याचं पालुपद. तरुणपणी तो कसाऱ्याकडे दगड तपासणाऱ्या एका साहेबाच्या पेट्या वाहायचा. साहेब दगड जिभेला लावून ओळखायचा, हा नाद तिथलाच.

आणि भित्रा किती म्हणाल! गळ्यात तीन ताईत. मांजर आडवं गेलं की घरी येऊन पाणी पिऊन पुन्हा निघणार. खर्डीच्या बाजाराला जाताना सोबतीला मी, आणि वाटेतलं भुताटकीचं उंबराचं झाड आलं की पुढेही मीच.

त्या चैत्रात ओहोळ आटला. आमच्या आळीतली एकटी विधवा ठकीबाय पाण्यासाठी वाळू उकरत होती, तेव्हा वीतभर लांबीचा काळपट, वळ्यावळ्यांचा दगड वर आला. हुबेहूब दाढ! दाढ एवढी, तर तोंड केवढं असेल? दोन दिवसांत पाटलाचा बैल मेला, तीन पोरं तापाने फणफणली. भगताने ओहोळाच्या काठावर, त्या दाढेपुढे बसून सुपात तांदूळ टाकून पाहिले.

"राकिसाची दाढ हाय. ठकीनं उठवला त्याला. दिस मावळायच्या आत तिला शिवंबाहेर काढा. आनि दुसरा कोनी दाढंला शिवला, त तो बी आजच मरंल."

ठकीबाय रडत रडत गाडगी-मडकी बांधायला लागली. कोण अडवणार? मीही अडवलं नाही, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात धर्माकाका पुढे आला. तिन्ही ताईत मुठीत धरले आणि जीभ थेट दाढेला लावली. बायका किंचाळल्या. जीभ चिकटली! ती ओढून काढत तो बोबड्या बोलात ओरडला, "हाडूक हाय, जुना हाडूक! दगडाला जीभ चिकाटत नाय. हत्तीची दाढ ही! सायबाला नाशकाकडं गोदावरीच्या मातीत अशीच गावली व्हती."

"दिस मावळू दे, मंग बघू," भगत म्हणाला.

मग सगळं गाव काठावर बसलं, काका कधी मरतो ते बघत. मी त्याच्या शेजारी. त्याला उचकी लागली, तशी मी त्याची पाठ चोळायला लागलो.

"मी मेलो त माझी लाल कोंबडी तुला," तो कुजबुजला. "पन कापू नको हां."

सूर्य डोंगराआड गेला. काका जिवंत! भगत सूप उचलून निघून गेला. पाटील खाली मान घालून ठकीबायला म्हणाला, "घरला जा गो."

लोक पांगले तरी काका मुठीतले ताईत सोडेना. मला रागच आला. "पालीला भिणारा माणूस तू! मरायची हौस आली होती का?"

ठकीबायने त्याच खड्ड्यातल्या पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे धरला. काका तो न चाखता घटाघटा प्यायला.

"माझ्या आयेला असंच काढली रे," तो म्हणाला. "गावात पटकी आलती. मी सात वर्साचा. ती वळून वळून मला हाका मारी, नि मी भाताच्या कनगीमागं लपलो. भ्यालो व्हतो."