उतारावरचा धूर

बडगुजर आबा रोज सकाळी आपल्या मोटारीमागे गुडघे टेकून बसत, धुतलेला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या नळीसमोर धरत आणि मग तो नाकाशी नेऊन डोळे मिटत. उधन्यातल्या आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की पहिले आठ दिवस त्याला वाटे, हा माणूस गाडीची पूजा करतो. जुन्या लोकांनी त्या कार्यक्रमाला 'आरती' असं नावच ठेवलं होतं. "काय आबा, झाली का आरती?" कोणी विचारलं की आबा गंभीरपणे सांगत, "झाली. आज प्रसाद नाही." म्हणजे त्या दिवशी धूर आला नव्हता.

हे आता लिहायचं कारण असं की, आबांबद्दल आमच्या भागात एक खोटी गोष्ट रुजली आहे. नळ गळायचा थांबेना, पंखा नीट फिरेना, की लोक अजूनही म्हणतात, "हे बडगुजरच्या गाडीसारखं झालं." म्हणणाऱ्या निम्म्यांनी आबांना पाहिलेलंही नाही. मी पाहिलं आहे. लोक ज्या चुकीला हसतात ती माझी आहे. ऐंशी उलटली, आता लपवून ठेवायचाही कंटाळा येतो.

आबा, म्हणजे भीखा बडगुजर, मूळचे अमळनेरकडचे, एका कापड कारखान्यात यंत्रमागांचे फिटर. माग बिघडला की बाकीचे फिटर पाने काढत, आबा स्टूल ओढून समोर बसत. "पहिले देख, मंग खोल," हे त्यांचं ब्रीद. एकदा आबांना नुसतं बघत बसलेलं पाहून गुजराती शेठ वैतागून म्हणाला, "भीखाभाई, तमे खाली जोया ज करशो?" आबा मान न वळवता म्हणाले, "खोलवावाळा तो बहु छे, शेठ. जोवावाळो एक ज छे." मग उठून त्या एकट्या बघणाऱ्यानं एक नट पाव फेरा फिरवला आणि माग चालू झाला.

मोटारही त्याच शेठच्या घरची. पन्नास सालच्या आसपासची, काळी, म्हशीसारखी सुस्त. शेठ गेल्यावर शेठाणी म्हणाली, "भंगारमां आपवा करतां तुं लई जा." आबांनी ती आणली ती मिरवायला नाही. त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, दमा होता. घरामागे कपडा रंगवायचा कारखाना, त्याचा वास चोवीस तास. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली होती, आणि बसमध्ये वहिनींचा जीव घुसमटे. आबांनी ठरवलं, रोज संध्याकाळी हिला मोटारीनं डुमसच्या किनाऱ्यावर न्यायचं.

पहिल्याच फेरीत मागून निळा धूर निघाला. गाडीचा तळ गंजून भोकं पडलेली, त्यातून तो आत शिरला. वहिनी खोकून खोकून अर्ध्या रस्त्यातून परत आल्या. धूर थांबेपर्यंत हिला गाडीत बसवणार नाही, असं आबांनी त्या दिवशी जाहीर केलं. तेव्हापासून वहिनी उंबऱ्यात बसून गाडीकडे बघत आणि तिला आपली सवत ठरवून विचारत, "मनी सवत कशी शे आज?"

धूर रोज आला असता तर आबांनी दोन दिवसांत निकाल लावला असता. पण तो कधी येई, कधी नाही. सकाळी चालू करताना कधी एखादा भपका, मग जागेवर उभं राहून इंजिन कितीही फिरवा, साफ. "रोजचा धूर कोणीबी पकडेल, मास्तर," आबा मला म्हणाले. "हा चोर शे. याच्यामागे माणूस लावा लागतो."

तो माणूस मी. मराठी शाळेत गणित शिकवत असे, आणि माझ्याकडे स्कूटर होती. दर रविवारी सकाळी आबा पुढे मोटारीत आणि मी मागे स्कूटरवर, नाकाला रुमाल बांधून. गाडीच्या आरशाचा पारा उडालेला, त्यामुळे मागचं बघणं माझ्याकडे. पांढरा धूर दिसला तर एक हॉर्न, निळ्याला दोन, काळ्याला तीन. हॉर्न नाही म्हणजे धूर नाही. घरी आल्यावर आबा वहीत लिहीत: "ढगाळ. चौकात उभं राहून निघताना मास्तरांचे दोन हॉर्न. वास जळक्या तेलाचा." एकदा मी दोन हॉर्न दिले आणि पुढच्या सायकलवाल्यानं थांबून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. तेही आबांनी वहीत लिहिलं.

रस्ता ठरलेला. रिंगरोडवरून तापीच्या पुलापर्यंत, पूल चढायचा, पलीकडे उतरायचं, वळून परत. चढावर इंजिनाला जोर लागतो, उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ते ओढलं जातं. दोन्ही ठिकाणचा धूर वेगळं सांगतो, हे आबांनी मला चारदा समजावलं होतं.

आणि पुलाच्या अलीकडे, डाव्या गल्लीत, लोचोची लारी होती, वाफवलेल्या डाळीच्या चटकदार खाण्याची हातगाडी.

पहिल्यांदा मी थांबलो तो खरंच दमलो होतो म्हणून. वाटलं, एक प्लेट खाऊ, आबा पूल ओलांडून येतील तेव्हा पुढच्या चौकात त्यांच्यामागे लागू. तसंच झालं. घरी आबांनी विचारलं, "पुलावर काही?" मी म्हणालो, "काही नाही आबा. साफ." दुसऱ्या रविवारी पाय आपोआप गल्लीत वळले. मग दर रविवारी. दोन वर्षं.

वहीत दोन वर्षं पुलाच्या रकान्यात 'साफ' पडत गेलं. मास्तर माणूस खोटं कशाला बोलेल? उतारावर धूर नाही, म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांचा, असं गृहीत धरून आबांनी दोनदा इंजिन खोललं. रिंगा बदलल्या. कारखान्यातून आल्यावर महिना महिना काम. धूर पुन्हा आला. लोक हसायला लागले. आबा स्टूलवर बसून गाडीकडे बघत, आणि मला पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की त्यांना काही समजत नाही.

मग एका रविवारी मी तापानं पडलो. वहिनी म्हणाल्या, "मी देखस." आबा नको नको म्हणत होते. वहिनींनी पदर ओला करून तोंडावर घेतला, मागच्या सीटवर गुडघ्यावर उलट्या बसल्या आणि काचेतून बघत राहिल्या. पुलाचा उतार संपला, आबांनी पुन्हा पाय दाबला, आणि वहिनी त्याच जागेकडे बोट करून म्हणाल्या, "आठे धूर येस."

परत आल्यावर आबा काढा घेऊन माझ्या खोलीत आले. "मास्तर, सापडलं. उतारावर येतो." मी भिंतीकडे बघत होतो. त्यांनी पेला माझ्या उशाशी ठेवला. मग म्हणाले, "गरम शे तोवर घ्या," आणि जाताना दार अलगद ओढून घेतलं.

व्हॉल्व्हचे गाईड झिजले होते. पाय काढला की तिथून तेल आत ओढलं जाई. एका दिवसाचं काम. सोसायटीनं विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "चूक मनीच. उताराकडे मी ध्यान दिलं नाही." सगळे खो खो हसले. दोन वर्षं, आणि म्हणे फिटर. त्या घोळक्यात मी उभा होतो आणि मीही हसलो.

वहिनींना डुमसची हवा एक हिवाळाभर मिळाली. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. आणखी दोन हिवाळे मिळाले असते. ही बेरीज मी रोज करतो.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी आबा माझ्या दारात आले. "चला मास्तर. आता मागे नको, पुढे बसा." मी म्हणालो, पोट बिघडलंय. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणालो, पाहुणे येणार आहेत. तिसऱ्या रविवारी ते वर आले नाहीत. मोटार माझ्या खिडकीखाली उभी राहिली. इंजिन चालू, अलीकडचं दार किंचित उघडं. पाचेक मिनिटं थांबून त्यांनी हात लांबवून ते दार लावलं आणि गाडी डुमसच्या रस्त्याला लागली.

पुढे कित्येक रविवार ते तसे थांबत गेले. मी पडद्याआड उभा राहून बघत असे. मागे धूर अजिबात नसे. मी एकदाही खाली उतरलो नाही.