पाठबळाची पिशवी

शहराचा कणा म्हणजे त्या शहरातली छोटी दुकानं, ही गोष्ट आता वादाच्या पलीकडे गेली आहे. नगरपालिकेच्या अर्थसंकल्पात ती दरवर्षी पहिल्याच पानावर छापलेली असते, आणि पहिलं पान सगळेच वाचतात. (कणा पाठीत असतो. त्यामुळे तो ज्याचा त्याला दिसत नाही आणि मोडेपर्यंत त्याची आठवणही होत नाही. पण हे दुसऱ्या पानावरचं झालं.)

या कण्याला बळ यावं म्हणून नगरपालिकेने ‘लघुव्यवसाय पाठबळ कक्ष’ काढला. कक्षाने आल्या आल्या पाहणी केली. शंभर नागरिकांना विचारलं, छोटी दुकानं जगली पाहिजेत का? ब्याण्णव जण म्हणाले, म्हणजे काय, जगलीच पाहिजेत. उरलेले आठ जण घाईत होते. त्यांना बंद व्हायच्या आत मॉलमध्ये पोचायचं होतं.

चेनमामांचं दुकान हा या कण्यातला एक मणका. औषधांचं मोठं दुकान आणि वर जाणारा जिना यांच्यामध्ये जी फट उरली होती, तिला शटर लावलेलं होतं. तेच हे दुकान. मामा आत बसले की गिऱ्हाईक बाहेर उभं राहायचं, आणि गिऱ्हाईक आत आलं की मामांना बाहेर यावं लागायचं. (यालाच ग्राहकाचा सन्मान म्हणतात.) एक शिलाई मशीन, एक पक्कड, बरण्यांमधून मापामापाचे रनर, म्हणजे चेनवरून पुढेमागे सरकतो तो चिमुकला तुकडा, आणि एक मेणबत्ती. बॅगेला चेन बसवून झाली की मामा तिच्यावरून मेणबत्ती फिरवायचे, बॅग कानाशी धरून चेन ओढायचे, आणि आवाज मनासारखा आला तरच बॅग खुंटीला लटकवायचे. त्यांचं खरं नाव लाइटबिलावर होतं. बाकी जग, त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा, त्यांना चेनमामाच म्हणायचं.

पण अलीकडे चेन गेली की लोक बॅगच टाकून देऊ लागले. मोबाइलवर बोट टेकवलं की दुसऱ्या दिवशी नवी बॅग दारात हजर. जे थोडे दुकानात यायचे ते “मामा, संध्याकाळी नेतो” म्हणून बॅग ठेवून जायचे, आणि तेवढ्यात त्यांनाही नवी बॅग मिळायची. त्यामुळे तयार बॅगांची रांग एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर वाढत चालली होती. मामी दुपारी डबा घेऊन यायच्या तेव्हा त्यांना आधी बॅगा बाजूला सारून मामा कुठे आहेत ते बघावं लागायचं.

“अहो, वाटून टाका की या कुणाला तरी.”

“अगं, माणूस विश्वासाने ठेवून गेलाय. येईल.”

“येईल तेव्हा येईल. तोवर आपण श्वास कुठे घ्यायचा?”

मामांनी मनाशी ठरवलं होतं. शाळा सुरू होईपर्यंत वाट बघायची. तेव्हा दरवर्षी दप्तरांचा ढीग पडतो. तो यंदा पडला तर दुकान राहील, नाही पडला तर शटर ओढायचं आणि मेव्हण्याच्या गोदामात जायचं. मेव्हणा कधीपासून मागे लागला होता. “दाजी, कशाला जीव जाळताय? माझ्याकडे या. खुर्ची आहे, पंखा आहे. आलेल्या खोक्यांवर शिक्का मारायचा, विषय संपला.” पंख्याशी मामांचं काही वैर नव्हतं. पण शिक्क्याचा विषय निघाला की ते बरणीतले रनर मोजायला घ्यायचे. चेना बसवणं हे एकच काम त्यांना येत होतं आणि ते त्यांना मनापासून आवडत होतं. (यात लाजण्यासारखं काही नाही. पुष्कळांना न आवडणारंही काम येत नाही.)

अशा नाजूक वेळी पाठबळ अधिकारी दुकानात आले. दुकानात म्हणजे पायरीवर. तरुण माणूस, मनाने चांगला, खांद्याला बॅग, आणि बॅगेची चेन तुटल्यामुळे तिला सेफ्टी पिन. खुंट्या, बरण्या आणि मेणबत्ती बघून साहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. (अहवालात याची नोंद ‘प्रत्यक्ष निरीक्षण’ अशी आहे.)

“मामा, अगदी मोकळेपणाने सांगा. तुम्हाला काय हवंय?”

“गिऱ्हाईक,” मामा म्हणाले.

साहेबांनी हळहळून मान हलवली. “गिऱ्हाईक सोडून सांगा. गिऱ्हाईक देणं म्हणजे बाजारात ढवळाढवळ. ते आमच्या कक्षेत येत नाही.”

“मग तुमच्याकडे आहे काय?”

“प्रशिक्षण आहे, प्रोत्साहन आहे, आणि प्रोत्साहन कसं घ्यावं याचंही प्रशिक्षण आहे.”

मामांनी मधलं मागितलं. मागता मागता त्यांचा हात सवयीने साहेबांच्या सेफ्टी पिनेकडे गेला. “ही बॅग देऊन जा. चहा पिईपर्यंत करून देतो.”

“छे छे, राहू द्या हो,” साहेब म्हणाले. “नवी मागवलीय. उद्याच येतेय.”

साहेब बोलल्याप्रमाणे वागले. त्यांनी ‘दुकान जगवा’ सप्ताह जाहीर केला आणि चेनमामांना त्याचा चेहरा म्हणून निवडलं. नागरिकांना एक पिशवी मोफत द्यायची आणि तिच्यातून दुरुस्तीचा संदेश घरोघरी पोचवायचा, असं ठरलं. पिशव्या कुणाकडून घ्यायच्या यावर बरीच चर्चा झाली. शहरातच पिशव्या शिवणाऱ्या बायकांचा एक गट होता. पण त्यांना काम दिलं असतं तर शहरातल्या बाकीच्या शिवणाऱ्यांवर अन्याय झाला असता. तेव्हा कुणावरच अन्याय नको, या न्यायबुद्धीने पिशव्या समुद्रापलीकडून मागवण्यात आल्या. त्या मेव्हण्याच्या गोदामात उतरल्या.

पिशवी दिसायला झकास होती. निळी, पाठीला अडकवायची, मधोमध मामांचा हसरा चेहरा आणि खाली ठळक अक्षरांत: ‘बॅग टाकू नका, दुरुस्त करा!’ मुख्य चेन बरोबर मामांच्या ओठांवरून जात होती. पिशवी उघडली की मामा आ वासायचे, बंद केली की चिडीचूप.

मामींनी ती दोनदा उघडून मिटून पाहिली. “एवढ्या वर्षांत मला जे जमलं नाही,” त्या म्हणाल्या, “ते नगरपालिकेने करून दाखवलं.”

सप्ताह दणक्यात पार पडला. स्टेज नेमकं मामांच्या शटरला लागून बांधल्यामुळे तेवढे दिवस दुकान उघडता आलं नाही. पण ज्याच्यासाठी एवढी माणसं राबताहेत तो आत कामधंदा करत बसला असता तर ते बरंही दिसलं नसतं. नगराध्यक्ष कण्यावर बोलले. लोकांनी एका हाताने पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने मामांचा हात दाबला आणि म्हटलं, “मामा, तुमच्यासारखी माणसं टिकली पाहिजेत हो!” एक बाई मुलाचं दप्तर दुरुस्तीला म्हणूनच घेऊन आल्या होत्या. त्यांना रांगेत नवी पिशवी मिळाली, तेव्हा त्यांनी दप्तर स्टेजच्या कडेच्या कचराकुंडीत टाकलं. मामांनी ते लांबूनच ओळखलं. नुसता रनर गेला होता. ते धडपडत उठायला गेले, पण फोटोग्राफरने त्यांना खांद्याला धरून पुन्हा खाली बसवलं. “मामा, हसा. पिशवीवर हसलाय तसं.”

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी दुकानासमोरून हसऱ्या चेनमामांचा लोंढाच्या लोंढा गेला. एकही मामा वळून दुकानात आला नाही. खरे मामा मशीनवर हात ठेवून बसून राहिले.

पण माणूस चिवट होता. त्या संध्याकाळी त्यांनी आपली पिशवी कानाशी धरली आणि चेन ओढली. खर्र! मामांचा चेहरा उजळला.

“अगं, ऐक! ही चेन पंधरवडाही काढत नाही!”

“मग त्यात एवढं नाचायला काय झालं?”

“अगं, शहरात सगळ्यांकडे हीच पिशवी आहे!”

त्या दिवशी मामा कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. त्यांनी बरण्या काठोकाठ भरल्या, नवी मेणबत्ती आणली आणि गिऱ्हाइकांना ताटकळायला नको म्हणून बाहेर एक स्टूल ठेवलं. त्यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. पंधरवड्याच्या आतच शहरभर मामा आ वासून फिरू लागले.

स्टूल मात्र रिकामंच राहिलं. फुकटात आलेली वस्तू दुरुस्त करून घेण्याइतकं रिकामपण कुणाकडे असतं? लोकांनी कक्षाकडे तक्रारी केल्या. ‘छोट्या दुकानांना पाठबळ द्यायची आमची मनापासून इच्छा आहे, पण पिशवीच धड नसेल तर ते द्यायचं कसं?’ मुद्दा बिनतोड होता. कक्षाने तातडीने दुसरी खेप मागवली.

हे कळलं तेव्हा मामांच्या तोंडचं पाणी पळालं. ते स्टूल आत घेऊन, शटर ओढून तडक कक्षात गेले. साहेबांच्या खांद्याला आता निळी पिशवी होती. तिची चेन गेली होती, आणि मामांच्या ओठांत सेफ्टी पिन अडकवलेली होती.

“साहेब, हात जोडतो. तुटलेल्या पिशव्या मला द्या. मी सगळ्यांना चेना बसवतो. नव्या आणायची गरजच नाही.”

साहेब गहिवरले. “मामा, कल्पना फार सुंदर आहे. पण तुम्ही पडलात लाभार्थी. उद्या तुम्हालाच काम दिलं तर लोक म्हणतील, योजनेचा लाभ नेमका लाभार्थ्यालाच झाला!”

मामांनी घरी येईपर्यंत यावर विचार केला. त्यात खोट काढायला कुठेच जागा नव्हती.

शेवटी मामांनी शटरवर पाटी लावली: ‘दुकान बंद होत आहे. आपापल्या तयार बॅगा घेऊन जाव्यात.’ पाटी वाचून सगळा रस्ता हळहळला. शेवटच्या दिवशी दुकानासमोर इतकी गर्दी झाली, की तेवढी सप्ताहातसुद्धा झाली नसेल. पाटीचे फोटो निघाले. औषधवाल्याने डोळे पुसले. कक्षाने तिथल्या तिथे पुन्हा पाहणी केली, तर छोटी दुकानं जगली पाहिजेत म्हणणारे ब्याण्णवाचे सत्त्याण्णव झाले होते. योजना यशस्वी ठरली. आभार म्हणून मामांना एक पिशवी देण्यात आली. बॅगा मात्र कुणीच नेल्या नाहीत. सगळ्यांचे हात फोटो काढण्यात गुंतलेले होते.

दुकानाच्या जागेत आता पाठबळ कक्षाचं मदत केंद्र आहे. (जागा अडचणीची असल्याने मदत बाहेर उभं राहून घ्यावी लागते.) मामा गोदामात असतात. खुर्ची चांगली आहे, पंखाही गार वारा देतो. निळ्या पिशव्यांची तिसरी खेप आली तेव्हा खोक्यांवर शिक्के मामांनीच मारले. दुकानाची त्यांना आठवण येते, खूप येते. सगळ्या बॅगा त्यांनी घरी आणल्या आहेत. बाहेरच्या खोलीच्या तीन भिंती भरल्या आहेत, चौथीवर मामींनी हक्क सांगितला आहे. सुट्टीच्या दिवशी मामा एकेक बॅग उतरवतात, चेन जाम होऊ नये म्हणून तिच्यावरून मेणबत्ती फिरवतात, कानाशी धरून ओढून बघतात आणि परत खुंटीला लावतात.

ही हकिकत वाचून तुम्हालाही वाईट वाटलं असेल. ते वाया जाणार नाही. पुढच्या पाहणीत ते धरलं जाईल आणि सत्त्याण्णवाचे अठ्ठ्याण्णव होतील. तुम्ही वेगळं काही करायची गरज नाही.

एक किरकोळ बाब तेवढी राहिली. मामांच्या घरी, दारामागच्या खुंटीला एक काळी बॅग आहे. चेन नवी बसवली आहे. खांद्याचा पट्टाही थोडा उसवला होता, तो मामांनी न सांगताच शिवून टाकलाय. “संध्याकाळी नेतो” म्हणून तुम्ही ठेवून गेला होतात. परवा मामी म्हणाल्या, “ही तरी देऊन टाका हो कुणाला. दार पुरतं उघडत नाही.”

“नको गं,” मामा म्हणाले. “ते येतील. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले होते, मामा, तुमच्यासारखी माणसं टिकली पाहिजेत.”